चालण्याचाही अभ्यास असतो





वाडीच्या आमच्या वसतिगृहाला भेट देणारे पाहुणे मुलांना एक प्रश्न हमखास विचारतात, "मोठं झाल्यावर कोण होणार?" उत्तरेही ठरलेली असतात. मुलगे म्हणतात पोलीस, मुली म्हणतात नर्स. ही दोन्ही कामे सेवेचीच आहेत. पण मुलांनी जेवढे पाहिलेले असते, तेवढेच त्यांच्या उत्तरात येते. गावात आलेला पोलीस आणि दवाखान्यातली नर्स, एवढेच त्यांना ठाऊक असते.

तीन वर्षांपूर्वी बारावी विज्ञान उत्तीर्ण झालेली आमची एक मुलगी मात्र वेगळाच प्रश्न घेऊन आली. ती एटापल्ली तालुक्यातली, माडिया समाजाची. प्रवेशाच्या माहितीपुस्तिकेत तिने फिजिओथेरपी हा शब्द वाचला होता आणि तो काय प्रकार आहे हे तिला हवे होते. मी सांगितले, "माणूस उठतो कसा, वाकतो कसा, चालतो कसा, आणि ते बिघडलं तर सुधारायचं कसं, याचा तो अभ्यास." ती हसली आणि म्हणाली, "काका, चालाचाबी अभ्यास असते का? आमच्या गावात तर सारेच चालते."

तिच्या हसण्याने मला माझी एक जुनी चूक आठवली. ती सांगितल्याशिवाय हा लेख पुढे जाणार नाही, म्हणून आधी तीच सांगतो.

माझी चूक

ही गोष्ट बारा वर्षांपूर्वीची. मी ईश्वरपरिज्ञानाची पदविका घेऊन सेवेत येऊन काही वर्षे झाली होती आणि मुलांना शिस्त लावणे हे आपले पहिले काम, असे मला वाटे. कुरखेडा तालुक्यातला एक गोंड मुलगा तेव्हा नववीत होता. अभ्यासात बरा, पण पहाटेच्या व्यायामाला नेहमी मागे. कधी गुडघे दुखतात म्हणे, कधी कंबर. चालताना उजवा पाय जरासा ओढत असे. मी त्याला आळशी समजलो. नीतिसूत्रांच्या पुस्तकात आळशी माणसाविषयी जे आहे, ते मी त्याला सर्वांसमोर ऐकवले.

जानेवारीतली सकाळ होती, नागपूरची थंडी तुम्हाला माहीत आहे. त्या दिवशी मी त्याला मैदानाच्या दोन फेऱ्या जास्तीच्या मारायला लावल्या. दुसऱ्या फेरीत तो बसला आणि उठलाच नाही. मांड्या आणि पाठ धरून ओरडू लागला. पाय मुरगळला असेल म्हणून आम्ही तेल लावले, वेदनाशामक गोळी दिली. दोन दिवस असेच गेले. तिसऱ्या दिवशी त्याला एका मोठ्या रुग्णालयात नेले. तिथल्या बोळीत आम्ही दोघे हळूहळू चालत असताना समोरून येणारी एक तरुण विद्यार्थिनी थांबली. ती फिजिओथेरपीच्या शेवटच्या वर्षाला होती. तिने त्याला दहा पावले पुन्हा चालायला सांगितले, गाव विचारले आणि मला म्हणाली, "सर, याची सिकलची तपासणी झाली आहे का?"

झालेली नव्हती. तपासणीत मुलगा सिकलसेलचा रुग्ण निघाला. त्याच्या उजव्या खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा कमी पडून ते झिजू लागले होते. पाय ओढणे म्हणजे आळस नव्हता. त्याचे शरीर इतके दिवस जे सांगत होते, ते मला वाचता येत नव्हते. त्या मुलीला दहा पावलांत वाचता आले, कारण ती ते शिकली होती.

सिकलसेल आणि खुबा

आपल्या वाचकांपैकी अनेकांनी या आजाराचे नाव ऐकले असेल. रक्तातल्या तांबड्या पेशी एरवी गोल आणि लवचीक असतात. सिकलसेलच्या रुग्णाच्या शरीरात प्राणवायू किंवा पाणी कमी पडले की या पेशी विळ्यासारख्या वाकड्या व ताठ होतात. मग त्या बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि पुढच्या भागाला रक्त पोहोचत नाही. त्यातून असह्य वेदना होतात. थंडी, तहान, ताप आणि झेपणार नाही एवढे श्रम ही त्याची नेहमीची निमित्ते. मी त्या सकाळी त्यातली तीन एकाच वेळी जमवली होती: थंडी, श्रम आणि पाणी न पिता उपाशी पोटी धावणे.

भारतात हा आजार प्रथम १९५२ साली निलगिरीच्या डोंगरातील आदिवासींमध्ये नोंदला गेला. पुढे १९५८ साली मध्य भारतातील सिकलसेलविषयी नागपूरच्या डॉक्टरांचा लेख 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. म्हणजे ही आपल्या दारातली गोष्ट आहे. विदर्भातील आदिवासी समाजात आणि इतरही काही समाजांत हा आजार पिढ्यानपिढ्या चालत आला आहे. केंद्र शासनाने १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून याच्या निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले. त्यासाठी २०४७ ही मुदत ठरवली आहे.

निरोगी माणसाची तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. सिकलसेलच्या रुग्णाची पेशी १० ते २० दिवसांत संपते. शरीराला सतत नवे रक्त बनवावे लागते, म्हणून अन्न जास्त लागते, पाणी जास्त लागते आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने फॉलिक आम्लाची गोळी घ्यावी लागते. दुसरीकडे, दुखते म्हणून मूल निजून राहिले तर स्नायू दुबळे होतात आणि सांधा आखडतो. मग व्यायाम किती द्यायचा, कोणता द्यायचा, कधी थांबवायचा? आणि ताटात काय वाढायचे? पहिला प्रश्न हालचालीच्या विद्येचा, दुसरा आहाराच्या. एकाच मुलाला दोन्हींची उत्तरे एकदम लागतात.

ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन शहरी क्वीन्सलँड विद्यापीठात मानवी हालचाल आणि पोषण यांचा एकच विभाग आहे. आपल्याकडे हे विषय वेगवेगळ्या दारांमागे शिकवले जातात. ती दारे कोणती, ते पुढे सांगतो. आधी आत काय शिकवतात ते पाहू.

पाठीचे गणित

आमची माडिया मुलगी आता फिजिओथेरपीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. पहिल्या वर्षी तिने जाडजूड पुस्तक उघडले तेव्हा रडली. प्रत्येक हाडाला नाव, हाडावरच्या प्रत्येक उंचवट्याला नाव, आणि सगळे इंग्रजीत. शरीररचनेच्या विषयात ती एकदा नापासही झाली. पण पास झाल्यावर सुट्टीत गावी जाऊन आली ती नवी दृष्टी घेऊनच.

तिने मला एक गणित समजावले, ते इथे देतो. वाकून पुढे धरलेले ओझे पाठीच्या कण्यापासून साधारण ४० सेंटीमीटर लांब असते. पाठ सरळ ठेवणारे स्नायू मात्र कण्याच्या अगदी जवळ, साधारण ५ सेंटीमीटरवर असतात. तराजूचा एक हात आठपट लांब असला तर दुसऱ्या बाजूला आठपट वजन लागते. म्हणून १० किलोचा गुंड वाकून असा उचलला तर पाठीच्या स्नायूंना ढोबळमानाने ८० किलोचा ताण सोसावा लागतो, आणि वाकलेल्या धडाचे वजन वेगळेच. तोच गुंड गुडघे वाकवून, पोटाशी धरून उचलला तर ओझ्याचे अंतर निम्म्याहून कमी होते आणि ताणही त्याच प्रमाणात उतरतो.

"काका," ती म्हणाली, "माझी आई रोवणीच्या दिवसांत सकाळपासून संध्याकाळपर्यंत वाकलेली असते. उन्हाळ्यात तेंदूपत्त्याला जाते, तिथंही वाकणंच. रात्री कंबर दुखते म्हणते. आम्ही समजत होतो, वय झालं." तिची आई माझ्याच वयाची, चाळिशीतली आहे.

हा अभ्यास नुसता मालिश किंवा कसरतीचा नाही, हे यावरून लक्षात येईल. त्यात शरीररचना आहे, शरीरक्रिया आहे, स्नायू आणि सांध्यांचे यंत्रशास्त्र आहे. लहान मूल मान कधी धरते, रांगते कधी, उभे कधी राहते, हे शिकवतात. म्हणजे एखादे मूल मागे पडत असेल तर ते वेळीच ओळखता येते. लकवा झालेल्या माणसाला पुन्हा घास तोंडापर्यंत नेता यावा, पाय गेलेल्याला कृत्रिम पाय लावून चालता यावे, बाळंतपणानंतर बाईची कंबर सावरावी, हे सगळे याच विद्येत येते.

डाळीचे गणित

आमची दुसरी मुलगी धारणी तालुक्यातली, कोरकू समाजाची. तिने गृहविज्ञान घेतले आणि त्यात आहार व पोषण हा विषय. गृहविज्ञान म्हटले की आपल्या मंडळीतही लोक हसतात, "स्वयंपाक शिकायला कॉलेज कशाला?" मीही कधी काळी हसलो असेन.

दुसऱ्या वर्षाला असताना तिने एका संध्याकाळी आमच्या स्वयंपाकघरात वजनकाटा आणला. स्वयंपाक करणाऱ्या मावशींना म्हणाली, "मावशी, वरणाला डाळ किती घेता?" मावशींनी एक किलो तूरडाळ काढली. जेवणारी मुले ४२. तिने भागाकार केला. प्रत्येकाच्या वाट्याला २४ ग्रॅमसुद्धा डाळ येत नव्हती. तूरडाळीत १०० ग्रॅममागे सुमारे २२ ग्रॅम प्रथिने असतात, म्हणजे एका वेळच्या वरणातून मुलाला मिळत होती जेमतेम ५ ग्रॅम.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने घालून दिलेल्या मानाप्रमाणे प्रौढ माणसाला दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने हवीत. ४५ किलोच्या मुलीला म्हणजे साधारण ३७ ग्रॅम, आणि वाढत्या वयात त्याहून थोडी जास्तच. दिवसाला ३०० ग्रॅम तांदूळ खाल्ला तर त्यातून वीस-बावीस ग्रॅम मिळतात. उरलेली कुठून आणायची? शिवाय भातातल्या प्रथिनांत एक घटक कमी असतो, तो डाळीत भरपूर असतो. डाळीत दुसरा एक कमी असतो, तो भातात असतो. दोन्ही एका ताटात असले तर एकमेकांची उणीव भरून काढतात. आपल्या आज्यांनी वरणभाताची जोडी उगाच जमवली नाही. पण वरण पाण्यासारखे असले तर ती जोडी नावापुरतीच राहते.

मला वाईट वाटले. मी रोज जेवणाआधी मुलांबरोबर प्रार्थना करत होतो, पण ताटात काय आहे हे मोजले नव्हते. पोट भरते आहे ना, एवढेच पाहत होतो.

आम्ही पाहुण्यांनी दिलेल्या बिस्किटांवरचा आणि सणाच्या मिठाईवरचा खर्च कमी केला. डाळ वाढवली, आठवड्यातून चार दिवस अंडे सुरू केले. तिने सांगितलेल्या आणखी काही गोष्टी फुकटच्या होत्या. पालेभाजीवर लिंबू पिळले की त्यातले लोह अंगी लागते. जेवणावर लगेच चहा घेतला की ते लागत नाही. भाताचे पाणी ओतून देऊ नये. नाचणीत १०० ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, तांदळात त्याचा अगदी थोडा अंश. मेळघाटात आणि गडचिरोलीत जुनी माणसे कोदो, कुटकी, नाचणी, रानभाज्या खात. मुले वसतिगृहात आली आणि आम्ही त्यांना फक्त भात खायला शिकवले. त्यांच्या घरातले चांगले अन्न आम्हीच मागास ठरवले होते की काय, असा प्रश्न मला त्या दिवसापासून पडतो.

हीच मुलगी आता सुट्टीत गावच्या अंगणवाडीत जाते. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर पट्टीने मोजला आणि तो ११.५ सेंटीमीटरपेक्षा कमी भरला तर ते मूल तीव्र कुपोषित आहे, त्याला ताबडतोब उपचार हवेत. ११.५ ते १२.५ असेल तर ते धोक्याच्या वाटेवर आहे. शासनाच्या अमृत आहार योजनेतून आदिवासी भागात गरोदर व स्तनदा मातांना एक वेळचे पूर्ण जेवण आणि लहान मुलांना अंडी किंवा केळी देण्याची सोय आहे. पण ते अंडे घरात कोणी खाल्ले, आई जेवायला अंगणवाडीत येते की डबा घरी नेऊन सगळ्यांत वाटते, हे कोरकू भाषेत विचारणारी हवी. ती आमची मुलगी विचारू शकते, आणि बायका तिला खरे सांगतात.

मंडळीला ही विद्या परकी नाही

काही ज्येष्ठ बंधू मला विचारतात, "मिशनच्या पैशातून मुलांना खेळ आणि आहार शिकवायचा? आत्म्याच्या कामाचे काय?" त्यांना मी तीन माणसांची आठवण देतो.

जेम्स नेस्मिथ हा कॅनडाचा तरुण १८९० साली मॉन्ट्रियलच्या प्रेस्बिटेरियन महाविद्यालयातून ईश्वरपरिज्ञान शिकून बाहेर पडला. पण त्याने पाळकाचे काम न धरता वायएमसीएच्या शाळेत शारीरिक शिक्षण हाती घेतले. डिसेंबर १८९१ मध्ये हिवाळ्यात मुलांना बंद खोलीत खेळता यावे म्हणून त्याने भिंतीला फळांच्या टोपल्या टांगल्या आणि बास्केटबॉलचा जन्म झाला. चारच वर्षांनी वायएमसीएतच व्हॉलीबॉल निघाला. आज गडचिरोलीच्या आडगावातही दोन बांबूंना जाळी बांधून संध्याकाळी तोच खेळ चालतो.

हॅरी क्रो बक यांनी १९२० साली मद्रासला वायएमसीएचे शारीरिक शिक्षण महाविद्यालय सुरू केले. आशियातील अशा प्रकारचे ते पहिले महाविद्यालय मानले जाते. आपल्याकडेही हे वारे नवे नव्हते. आमच्या दारावरून जाणारा अमरावती रस्ता जिथे जातो, त्या अमरावतीत वैद्य बंधूंनी १९१४ सालीच हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापन केले होते. त्या मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवली. आजही तिथे शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय चालते.

तिसरे डॉ. पॉल ब्रँड. मिशनरी आईवडिलांच्या पोटी १९१४ साली तामिळनाडूतल्या कोल्ली डोंगरात जन्मलेले. १९४६ साली ते वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले आणि पुढे त्यांनी कुष्ठरोग्यांच्या वाकड्या झालेल्या हातांवर शस्त्रक्रिया केल्या. अशा शस्त्रक्रियेत चांगल्या स्नायूचा तंतू काढून निकामी बोटाला जोडतात. पण शस्त्रक्रियेने काम निम्मेच होते. अनामिका वाकवणाऱ्या स्नायूने आता अंगठा हलवायचा असतो आणि हे त्या स्नायूला व मेंदूला नव्याने शिकवावे लागते. ते शिकवणारा फिजिओथेरपिस्ट नसेल तर शस्त्रक्रियेचा उपयोग राहत नाही.

डोंगरातली मुले

आपली आदिवासी मुले काटक असतात, असे आपण सहज म्हणतो. ते अर्धेच खरे आहे. नाशिक जिल्ह्यातील सावरपाड्याची कविता राऊत डोंगरवाटा तुडवतच मोठी झाली. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत तिने १०,००० मीटर धावण्यात कांस्यपदक मिळवले आणि त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत रौप्य. २०१८ च्या मे महिन्यात चंद्रपूर जिल्ह्यातील आश्रमशाळांचे मनीषा धुर्वे, प्रमेश आळे, उमाकांत मडावी, कविदास काटमोडे आणि विकास सोयाम हे पाच विद्यार्थी एव्हरेस्टच्या शिखरावर पोहोचले. पण नुसत्या काटकपणावर कोणी तिथे जात नाही. निवड झाली, महिनोन्महिने प्रशिक्षण झाले, दार्जिलिंग आणि लडाखच्या थंडीत सराव झाला.

जंगलात वाढलेल्या शरीरात ताकद असते. तिला मार्गदर्शन आणि अन्न मिळाले की ती शिखर गाठते. न मिळाल्यास तीच मुले पन्नाशीच्या आत कंबर धरून बसतात. मार्गदर्शन करणारे नेहमी बाहेरूनच का यावेत? आपल्याच मुलांनी ती विद्या घेतली तर?

दारे कोणती

पालक आणि पाळक दोघेही विचारतात, म्हणून थोडक्यात लिहितो.

फिजिओथेरपीच्या पदवीसाठी बारावीत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र लागते. राज्यात प्रवेश नीटच्या गुणांवरून होतात. एमबीबीएसला नंबर लागला नाही म्हणजे नीट वाया गेली, असे समजून मुले निराश होतात. त्यांना हे दार दाखवावे. चार वर्षे अभ्यास आणि त्यानंतर इंटर्नशिप. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात ही सोय आहे, खासगी महाविद्यालयेही आहेत. खासगी ठिकाणी फी भरण्याआधी मान्यता आहे की नाही, हे जरूर पाहावे.

आहार आणि पोषणासाठी गृहविज्ञानाची पदवी आणि पुढे पदव्युत्तर अभ्यास. नागपुरात शंकरनगरचे लेडी अमृतबाई डागा महिला महाविद्यालय या विषयासाठी जुने आणि नावाजलेले आहे. शारीरिक शिक्षणासाठी पदवीनंतर दोन वर्षांचे बी.पी.एड. करता येते आणि शाळेत शिक्षक होता येते. नागपूर विद्यापीठाचा परिसर तर अमरावती रस्त्यावरच आहे, वाडीहून शहरात जाणारी बस त्याच्या फाटकावरून जाते. आमची मुले अनेक वर्षे त्या फाटकावरून नुसती जात होती.

आदिवासी विद्यार्थ्यांना मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. शासकीय वसतिगृहात जागा न मिळाल्यास पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजनेतून राहण्याजेवणासाठी रक्कम बँकेत जमा होते. या सगळ्याची किल्ली एकच: जात वैधता प्रमाणपत्र. ते मिळायला वेळ लागतो. आजोबा-पणजोबांचे दाखले, जुन्या शाळेची नोंद, महसुली कागद शोधावे लागतात. हे काम बारावीच्या निकालानंतर नव्हे, अकरावीतच सुरू करावे. एका कागदासाठी मुलाचे वर्ष जाताना मी पाहिले आहे.

आपण काय करू शकतो

तुमच्या दानाबद्दल आम्ही प्रभूचे आणि तुमचे आभार मानतो. आज पैशांबरोबर आणखी दोन गोष्टी मागतो.

एक, तुमच्यापैकी जे निवृत्त शिक्षक, नर्स किंवा डॉक्टर वाडीच्या आसपास, नागपुरात राहतात, त्यांनी आठवड्यातून एक संध्याकाळ द्यावी. आमच्या मुली बुद्धीत कमी पडत नाहीत, इंग्रजी पुस्तकापुढे अडखळतात. माझ्या मुलीचे हाडांचे पुस्तक पहिल्यांदा आपल्याच मंडळीच्या एका निवृत्त नर्स मावशींनी सोपे करून दिले. त्या प्रत्येक नावापाशी मराठी शब्द लिहीत, आणि मुलगी त्याच्यापुढे माडिया शब्द लिहीत असे.

दुसरी, आपापल्या मंडळीत कोणी मूल खेळात मागे पडत असेल, पाय ओढत असेल, सारखे थकत असेल, तर त्याला लगेच आळशी म्हणू नका. आधी तपासणी करून घ्या. विदर्भात सिकलसेलची तपासणी सरकारी दवाखान्यात होते.

कुरखेड्याचा तो मुलगा आता सव्वीस वर्षांचा आहे. काही महिने व्यायाम आणि औषधोपचार झाल्यावर तो काठीशिवाय चालू लागला, थोडे लंगडणे राहिले. वाडीतल्या एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात तो संगणकावर बिलाचे काम करतो. नाताळला भेटायला आला होता. मी पुन्हा एकदा त्याची माफी मागितली. तो म्हणाला, "काका, तुम्हाले तरी कुठं मालूम होतं?" त्याने मला सोडवले. पण ठाऊक नसणे हेही कधी कधी कोणाला तरी भोगावे लागते, हे मी विसरलो नाही.

मार्काच्या शुभवर्तमानात याईराच्या मुलीची गोष्ट आहे. बारा वर्षांची ती मुलगी प्रभूच्या शब्दाने उठली. पुढे काय झाले ते मी पूर्वी घाईने वाचून जात असे. मार्क दोन साध्या गोष्टी नोंदवतो. मुलगी चालू लागली, आणि येशूने तिला काही खायला देण्यास सांगितले. घरातले सगळे चकित होऊन उभे होते, तेव्हा तिला भूक लागली असेल हे प्रभूच्या ध्यानात होते.

आमची माडिया मुलगी पुढच्या वर्षी अंतिम वर्षाला जाईल. तिला एटापल्लीला परत जायचे आहे. मागच्या आठवड्यात तिने वसतिगृहातल्या सगळ्या लहान मुलांना अंगणात एका रेषेवरून चालायला लावले आणि वहीत टिपणे काढली. दोन मुलांच्या नावापुढे तिने खूण केली आहे. सोमवारी त्यांना तपासणीला न्यायचे आहे. त्या दोघांसाठी प्रार्थना करा.

प्रभूच्या सेवेत,
तुमचा बंधू, वाडी वसतिगृह